मालक एक की अनेक? इंग्रजीतली अपॉस्ट्रॉफी आणि आपलं टिंब

(पिंपळे सौदागर येथे झालेल्या सार्वजनिक व्याख्यानाचे हे शब्दांकन. वाचनाच्या सोयीसाठी थोडी काटछाट केली आहे. उदाहरणांतले इंग्रजी शब्द देवनागरीत दिले आहेत. मालकी किंवा अनेकवचन दाखवणारा शेवटचा एस तिथे “स” असा लिहिला आहे, उच्चार “ज” होत असला तरी. अपॉस्ट्रॉफीची खूण मूळ इंग्रजीत जिथे येते तिथेच ठेवली आहे.)



आजचा विषय शाळेतला आहे. इंग्रजीत मालकी कशी दाखवायची. मालक एक असेल तर काय करायचं, अनेक असतील तर काय करायचं, एवढंच. पण इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांना शाळा सोडून तीस-चाळीस वर्षं झाली असतील. काही जण निवृत्त आहेत, काही मुलांचा अभ्यास घेणारे पालक आहेत. म्हणून सुरुवात वहीपासून नको, कारखान्यापासून करू.

पिंपरी, भोसरी, आकुर्डी, तळवडे, चाकण. या पट्ट्यात ज्यांनी पगारी नोकरी केली, त्यांना तीन कायदे नावानं तरी माहीत असतात. पहिला पीएफचा. दुसरा ईएसआयचा, ज्याच्या कार्डावर मोहननगरच्या रुग्णालयात उपचार मिळतात. आणि तिसरा, ज्याची वेळ कुणावर येऊ नये असाच, कामावर अपघात झाला तर भरपाई देणारा.

या तिन्ही कायद्यांची इंग्रजी नावं नीट बघा.

पीएफचा कायदा १९५२ चा. नावाची सुरुवात होते “एम्प्लॉयीस’ प्रॉव्हिडंट फंड्स” अशी. खूण एसच्या नंतर.

ईएसआयचा कायदा १९४८ चा. “एम्प्लॉयीस’ स्टेट इन्शुरन्स अ‍ॅक्ट”. इथेही खूण एसच्या नंतर.

भरपाईचा कायदा १९२३ चा. त्याचं मूळ नाव “वर्कमेन’स कॉम्पेन्सेशन अ‍ॅक्ट”. २००९ साली त्यात दुरुस्ती झाली, ती १८ जानेवारी २०१० पासून लागू झाली, आणि नाव झालं “एम्प्लॉयी’स कॉम्पेन्सेशन अ‍ॅक्ट”. म्हणजे वर्कमेन गेले, एम्प्लॉयी आला. पण खूण दोन्ही नावांत एसच्या आधी.

आता गंमत बघा. एम्प्लॉयी हा एकच शब्द. पीएफच्या कायद्यात खूण एसनंतर, भरपाईच्या कायद्यात एसच्या आधी. आणि वर्कमेन म्हणजे तर अनेक कामगार, तरी खूण एसच्या आधी! ही छपाईची चूक नाही. तिन्ही नावं बरोबर आहेत, आणि या तीन नावांत आजचं सगळं व्याकरण आलेलं आहे. २०२० साली संसदेनं सामाजिक सुरक्षा संहिता संमत करून हे तिन्ही कायदे त्या एका संहितेत आणले. तरी पीएफ आणि ईएसआयच्या संस्थांच्या नावांत ही खूण अजून तशीच आहे.

मराठी दोन गोष्टी मोजते, इंग्रजी एकच

अपॉस्ट्रॉफी म्हणजे दिसायला स्वल्पविरामच, फक्त ओळीच्या वरच्या बाजूला टांगलेला. तो एसच्या आधी की नंतर, हा प्रश्न मराठी माणसाला अवघड का जातो? आपलं व्याकरण कच्चं असतं म्हणून नाही. आपण ते व्याकरण न कळत इंग्रजीला लावतो म्हणून.

शाळेत आपण षष्ठी विभक्ती घोकली. एकवचन: चा, ची, चे. अनेकवचन: चे, च्या, ची. बरोबर? आता मला सांगा, हे एकवचन-अनेकवचन कुणाचं?

चार जोड्या घेऊ.

मुलाचं पुस्तक.
मुलाची पुस्तकं.
मुलांचं पुस्तक.
मुलांची पुस्तकं.

पहिल्या दोन ओळींत मूल एकच आहे. तरी “चं”चं “ची” झालं. का? तर पुस्तकं वाढली म्हणून. म्हणजे हा प्रत्यय मालकाकडे बघत नाही, वस्तूकडे बघतो. वस्तू पुल्लिंगी की स्त्रीलिंगी, एक की अनेक, त्याप्रमाणे तो बदलतो. मग मालक एक की अनेक हे कुठे कळतं? ते कळतं प्रत्ययाच्या आधीच्या टिंबावरून. “मुला” आणि “मुलां”. “कामगाराचा” आणि “कामगारांचा”. “महिलेचं” आणि “महिलांचं”. इथे एक खुलासा करतो. बोलण्यात आपण “माझं”, “आपलं” म्हणतो, तेव्हा शेवटी येणारं टिंब वेगळं. मी सांगतोय ते चा-ची-चेच्या अगदी आधीचं.

म्हणजे मराठीत मालकी दाखवताना दोन मोजण्या एकदम होतात. टिंब मालक मोजतं, प्रत्यय वस्तू मोजतो.

इंग्रजीत दुसरी मोजणी नाहीच. त्याच चार ओळी इंग्रजीत अशा:

बॉय’स बुक.
बॉय’स बुक्स.
बॉयस’ बुक.
बॉयस’ बुक्स.

पुस्तक एक असो की शंभर, खुणेला त्याचं काही देणंघेणं नाही. ती फक्त मालक मोजते. मराठी मुलगा जेव्हा “मुलाची पुस्तकं” याचं इंग्रजी करताना खूण एसच्या पलीकडे नेतो, तेव्हा तो षष्ठीच्या तक्त्यातलं अनेकवचन आठवत असतो. पुस्तकं अनेक म्हणून खूण पलीकडे, असा त्याचा हिशोब. हिशोब चुकीचा नाही, तो मराठीचा आहे.

तेव्हा पहिली गोष्ट पक्की करू. इंग्रजीतली अपॉस्ट्रॉफी म्हणजे आपला चा-ची-चे नव्हे. तिची जागा म्हणजे आपलं टिंब.

तीन पायऱ्या आणि बोटाची चाचणी

आता कृती. मराठीत आपण आधी मालकाचं सामान्यरूप करतो आणि मग प्रत्यय लावतो. मूल, मुला, मुलाचं. इंग्रजीतही तसंच: आधी मालक तयार करायचा, मग त्याला खूण लावायची. पायऱ्या तीन.

पहिली पायरी: मालक कोण ते ठरवा. मराठीत वाक्य म्हणा, चा-ची-चेच्या आधी जो आहे तो मालक.

दुसरी पायरी: मालक किती ते ठरवा, आणि तो शब्द स्पेलिंगसकट पूर्ण लिहा. एक असेल तर एम्प्लॉयी. अनेक असतील तर एम्प्लॉयीस. अजून खुणेचा विचार करायचा नाही.

तिसरी पायरी: आता शब्दाच्या शेवटी खूण द्या. तो शब्द एस लागून झालेलं अनेकवचन असेल, तर तिथेच थांबा. नाहीतर खुणेनंतर एक एस लिहा. झालं.

एक कर्मचारी: एम्प्लॉयी, खूण, एस. एम्प्लॉयी’स.
अनेक कर्मचारी: एम्प्लॉयीस, खूण. थांबा. एम्प्लॉयीस’.
अनेक कामगार: वर्कमेन. हे अनेकवचन आहे, पण एस न लावता झालेलं. मॅनचं मेन. म्हणून वर्कमेन, खूण, एस. वर्कमेन’स.

बघा, तिन्ही कायद्यांची नावं सुटली.

लिहिलेलं तपासायचं असेल तर खुणेच्या उजवीकडचं सगळं बोटानं झाका. डावीकडे जे उरेल तो मालक. “एम्प्लॉयी” उरलं, तर एक. “एम्प्लॉयीस” उरलं, तर अनेक. “वर्कमेन” उरलं, तर अनेक. आणि कुठे “विमेनस’” लिहिलेलं दिसलं, तर बोट ठेवा. डावीकडे उरतं “विमेनस”. असा शब्द इंग्रजीत आहे का? नाही. विमेन हेच अनेकवचन आहे. म्हणून विमेन’स डे. तसंच चिल्ड्रन हेच अनेकवचन, म्हणून चिल्ड्रन’स डे.

आपल्या भागात रोज लागणारा एक शब्द घेऊ: सोसायटी. कुणाल आयकॉन रस्त्यानं जा नाहीतर कोकणे चौकातून, दोन्ही बाजूंना सोसायट्याच. आता “आमच्या सोसायटीचं पाणीबिल” असं पत्रात लिहायचंय. सोसायटी एक. शब्दाच्या शेवटी वाय तसाच राहतो, मग खूण, मग एस. आणि “सगळ्या सोसायट्यांची मागणी” असं लिहायचं असेल, तर आधी अनेकवचन पूर्ण करा. वाय जातो, आय-ई-एस येतं, आणि त्यानंतर फक्त खूण. कंपनी हा शब्दही असाच. “कंपनीचं गेट” आणि “चाकणमधल्या कंपन्यांची गेटं” यांत स्पेलिंगही बदलतं आणि खुणेची जागाही. दुसरी पायरी गाळून थेट खुणेकडे गेलं की नेमकी इथे गडबड होते.

साहेबांचं टिंब

टिंबाची युक्ती चांगली आहे, पण तिच्यात एक खड्डा आहे. तो आधीच दाखवतो.

“आजोबांचा चष्मा”. टिंब आहे. आजोबा किती? एकच. “सरांचा डबा”. सर एकच. “डॉक्टरांची वेळ”, “साहेबांची गाडी”, “आंबेडकरांचं भाषण”. प्रत्येक ठिकाणी माणूस एक आहे, टिंब आदराचं आहे. मराठीत मोठ्या माणसाला आपण अनेकवचनात बसवतो. इंग्रजीत नामाला असं आदरार्थी अनेकवचन नाही. तिथे आजोबा म्हणजे ग्रँडफादर’स. खूण एसच्या आधी. आंबेडकर’स स्पीच. आदर कमी झाला असं नाही, फक्त डोकी मोजली.

म्हणून टिंब दिसलं की एक प्रश्न विचारायचा: हे टिंब संख्येचं की आदराचं? संख्येचं असेल तर खूण पुढे सरकेल. आदराचं असेल तर नाही.

महिन्याची नोटीस की महिन्यांची?

वेळेच्या बाबतीतही इंग्रजी हीच रचना वापरते, आणि ते आपल्या खिशाशी संबंधित आहे. आपल्याकडे अनेक जण भाड्यानं राहतात. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार होतो, त्यात घर सोडण्याच्या नोटिशीचं कलम असतं. नोकरीच्या नेमणूकपत्रातही असतं.

एका महिन्याची नोटीस: वन मंथ’स नोटीस.
दोन महिन्यांची नोटीस: टू मंथस’ नोटीस.

इथेही मराठीचं टिंब आणि इंग्रजीची खूण बरोबर जोडीनं चालतात. महिन्याची, महिन्यांची. आकडा लिहिलेला असेल तर खूण चुकली तरी अर्थ चुकत नाही. पण कुणी आकडा न लिहिता नुसतं “मंथस नोटीस” टाइप केलं, तर एक महिना की जास्त? घरमालक एक वाचेल, भाडेकरू दुसरं वाचेल. म्हणून करारावर सही करण्याआधी महिन्यांचा आकडा अंकात आणि अक्षरात दोन्ही आहे ना, हे बघा.

खुणेवर आलेला खटला

कुणी म्हणेल, एवढ्याशा खुणेनं असं काय बिघडतं? बहुतेक वेळा काहीच नाही. पण कधीकधी बिघडतं. ऑस्ट्रेलियातली एक गोष्ट सांगतो.

न्यू साउथ वेल्स राज्यात २०२० साली एका इस्टेट एजंटानं फेसबुकवर आपल्या आधीच्या मालकाबद्दल लिहिलं. आरोप असा होता की तो सुपरअ‍ॅन्युएशनचे पैसे भरत नाही. सुपरअ‍ॅन्युएशन म्हणजे आपल्या पीएफसारखी, तिकडची निवृत्तीची रक्कम. लिहिताना त्यानं शब्द वापरला “एम्प्लॉयीस”. खूण दिलीच नाही, ना आधी ना नंतर. मालकानं बदनामीचा दावा लावला. एजंटाचं म्हणणं पडलं की मला फक्त माझ्या एकट्याच्या पैशांबद्दल बोलायचं होतं. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये न्यायालयानं तो दावा सुरुवातीलाच निकाली काढायला नकार दिला. कारण साधं होतं. त्या शब्दाचा अर्थ वाचणारा अनेक कर्मचारी असा घेऊ शकतो. आणि एकाचे पैसे राहिले तर ती चूक असू शकते, पण अनेकांचे राहिले तर ते ठरवून केल्यासारखं दिसतं.

मराठीत हाच आरोप लिहा. “कर्मचाऱ्याचे पैसे भरले नाहीत” आणि “कर्मचाऱ्यांचे पैसे भरले नाहीत”. एका टिंबानं आरोपाचं वजन किती बदललं!

आता लगेच घाबरायचंही कारण नाही. आपल्याकडे १८९७ चा जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट आहे. त्याच्या तेराव्या कलमानुसार, केंद्रीय कायद्यांत संदर्भ विरोधात जात नसेल तर एकवचनात अनेकवचन धरायचं आणि अनेकवचनात एकवचन. त्यामुळे कायद्याच्या नावात एकवचन आलं म्हणून कुणा जखमी कामगाराची भरपाई अडत नाही. पण हे संरक्षण कायद्यांच्या भाषेला आहे. तुम्ही लिहिलेल्या तक्रारीला, ईमेलला किंवा फेसबुकवरच्या मजकुराला ते आपोआप लागत नाही. तिथे तुमचा शब्द तुम्हालाच सांभाळावा लागतो.

ऐकून हे का कळत नाही

ही खूण इंग्रजांनाही का चुकते माहीत आहे? कारण ती ऐकू येत नाही. बॉय’स, बॉयस आणि बॉयस’, तिन्हींचा उच्चार एकच. आपलं टिंब ऐकू येतं. “कामगारांचा” म्हणताना आवाज नाकातून जातो. म्हणून शाळेत न गेलेली आजीसुद्धा “मुलाचं” आणि “मुलांचं” यात चुकत नाही. इंग्रजीत तो फरक फक्त डोळ्यांसाठी आहे. त्यामुळे सांगून टाइप करून घेतलेल्या पत्रात तो हमखास चुकतो.

मग ही खूण आली कुठून? फार पूर्वी इंग्रजीतही आपल्यासारख्या विभक्ती होत्या. मालकी दाखवायला बऱ्याच नामांना ई-एस असा प्रत्यय लागे. हळूहळू त्यातला ई बोलण्यातून गळाला. सोळाव्या शतकात फ्रेंचांकडून अपॉस्ट्रॉफी इंग्रजीत आली, ती गळालेलं अक्षर दाखवायला. मालकीच्या एसआधीही ती बसू लागली. अठराव्या शतकापर्यंत एकवचनातली तिची जागा पक्की झाली, अनेकवचनात एसनंतर लिहिण्याची रीत त्यामागून रुळली.

आपल्याकडे याच्याशी जुळणारं काहीतरी घडलं आहे. पूर्वी आपण “नांव”, “पांच” असं लिहायचो. ती टिंबं शब्दाच्या जुन्या रूपाची आठवण म्हणून होती. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखननियमांनी ती काढली. पण त्याच नियमांनी अनेकवचनी सामान्यरूपावरचं टिंब ठेवलं. “मुलांचं”मधलं टिंब गेलं नाही, कारण त्यावर अर्थ टांगलेला आहे. इंग्रजीतही नेमकं तसंच. खूण गळालेल्या अक्षराची आठवण म्हणून आली, पण टिकली ती मालक मोजण्याच्या कामामुळे.

आपल्याच जिल्ह्याचं जुनं उदाहरण द्यायचं तर १८७५ चं. त्या वर्षी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांचा सावकारांविरुद्ध उठाव झाला, कर्जाचे कागद जाळले गेले. त्यातून पुढे १८७९ साली कायदा आला: “डेक्कन अ‍ॅग्रिकल्चरिस्टस’ रिलीफ अ‍ॅक्ट”. बोट ठेवा. डावीकडे काय उरलं? अ‍ॅग्रिकल्चरिस्टस. एका शेतकऱ्याचा नाही, शेतकऱ्यांचा दिलासा.

खूण कुठे नको

दोन ठिकाणी ही खूण द्यायचीच नाही.

एक, नुसत्या अनेकवचनाला. गाडीवर “व्हेज रोल’स”, “मोमो’स” असं रंगवलेलं दिसतं. तिथे रोल कशाचा मालक आहे? मालकी नाही, म्हणून खूण नाही. दारावरच्या पाट्यांवर “द पाटील’स” असतं. सांगायचं असतं “पाटील कुटुंबीय”. मग नुसतं “द पाटीलस” पुरे. “पाटलांचं घर” म्हणायचं असेल तर “द पाटीलस’ होम”.

दोन, सर्वनामांना. मराठीत आपण “मीचा” म्हणतो का? नाही, “माझा” म्हणतो. सर्वनामाचं मालकीचं रूप स्वतंत्र असतं. इंग्रजीतही माय, युअर, हिज, हर, तशीच इटस, युअरस, देअरस. खूण नाही. “इट’स” असं खुणेसकट लिहिलं की ते “इट इज” होतं. तिथे खूण आपल्या मूळ कामावर आहे, गळालेलं अक्षर दाखवण्याच्या.

आणि एका जागी दोन्ही चालतं. सोसायटीच्या गेटवरची पाटी बघा. “व्हिजिटर’स पार्किंग”, “व्हिजिटरस’ पार्किंग”, “व्हिजिटर पार्किंग”. पहिलं म्हणजे पाहुण्याचं, दुसरं पाहुण्यांचं, तिसऱ्यात व्हिजिटर हा शब्द विशेषणासारखा आलाय, मालकीच नाही. तिन्ही बरोबर. शेतकऱ्यांच्या “फार्मर प्रोड्यूसर कंपनी”तही तसंच. खुणेचा फारच घोळ वाटला तर ही तिसरी वाट धरावी.

प्रश्नोत्तरे

प्रश्न: आडनावच एसनं संपत असेल तर? व्यास, दास?

उत्तर: माणूस एक असेल तर खूण आणि एस: व्यास’स, दास’स. उच्चार “व्यासेज” असा. तिसरी पायरी आठवा. “थांबा” हे फक्त एस लागून झालेल्या अनेकवचनासाठी आहे. व्यास हे अनेकवचन नाही. कारखान्यातला बॉसही असाच: बॉस’स केबिन. बॉस अनेक असतील तर आधी ई-एस लावून अनेकवचन, मग नुसती खूण. काही प्रकाशनं एसनं संपणाऱ्या नावाला फक्त खूण लावतात, तेही मान्य आहे. २००६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात कॅन्सस राज्याच्या एका खटल्यात न्यायमूर्तींनीच हे दोन प्रकारे लिहिलं. एका निकालपत्रात नुसती खूण, दुसऱ्यात खूण आणि एस. तुम्ही एक पद्धत धरा आणि पत्रभर तीच ठेवा.

प्रश्न: नवरा-बायको दोघांचा मिळून फ्लॅट असेल तर खूण कुणाला द्यायची?

उत्तर: चांगला प्रश्न, पिंपळे सौदागरचाच प्रश्न! मराठीत आपण “आई-बाबांचं घर” म्हणतो, शेवटी एकदाच प्रत्यय. म्हणजे घर एक, दोघांचं. इंग्रजीतही एकत्र मालकी असेल तर खूण शेवटच्या नावाला: राहुल अँड स्नेहा’स फ्लॅट. दोघांचे वेगवेगळे फ्लॅट असतील तर दोघांनाही: राहुल’स अँड स्नेहा’स फ्लॅट्स. मालकीचा हक्क अर्थात नोंदणी केलेल्या दस्तावरून ठरतो, खुणेवरून नाही. पण पत्र वाचणाऱ्याचा गोंधळ टळतो.

प्रश्न: टीचर्स डे आणि मदर्स डे, खूण कुठे?

उत्तर: पाच सप्टेंबर हा सगळ्या शिक्षकांचा दिवस मानला, तर टीचरस’ डे. मदर’स डेमध्ये मात्र खूण एसच्या आधी. अमेरिकेत हा दिवस सुरू करणाऱ्या अ‍ॅना जार्विस यांनी एकवचनाचाच आग्रह धरला होता. प्रत्येकानं आपल्या आईचा दिवस साजरा करावा, जगातल्या सगळ्या मातांचा एकदम नव्हे, असा त्यामागचा विचार.

प्रश्न: मोबाइलवर कुणी ही खूण देतच नाही. पुढे ती जाणारच ना?

उत्तर: काही ठिकाणी गेली आहे. लंडनच्या भुयारी रेल्वेत अर्ल’स कोर्ट आणि बॅरन्स कोर्ट ही शेजारची स्टेशनं. पहिल्यावर खूण आहे, दुसऱ्यावर नाही, आणि गाड्या दोन्हीकडे थांबतात. नावांतून, पाट्यांवरून ती आणखी जाईल. मित्राला पाठवलेल्या मेसेजमध्ये नसली तरी बिघडत नाही. पण जिथे पैसे, नोटीस, आरोप किंवा हक्क यांची गोष्ट आहे, तिथे मालक किती हे सांगावंच लागतं. खूण नको असेल तर वाक्य बदला. “ऑफ” वापरा, “द प्रॉव्हिडंट फंड ऑफ ऑल एम्प्लॉयीस” म्हणा. किती जणांचा, हा प्रश्न शिल्लक राहता कामा नये.

घरी गेल्यावर एक करा. मुलांना नियम पाठ करायला लावू नका. त्यांना मराठीत चार वाक्यं म्हणायला सांगा आणि विचारा, टिंब आहे का, आणि आहे तर संख्येचं की आदराचं. मग इंग्रजीतला मालक पूर्ण लिहायला सांगा, त्यानंतरच खूण. ज्यांच्या घरात पीएफचं जुनं पासबुक किंवा ईएसआयचं कार्ड असेल, त्यांनी त्यावर संस्थेचं पूर्ण इंग्रजी नाव शोधा आणि बोट ठेवून बघा डावीकडे काय उरतं ते.